टँकरच्या कॉकवरची चप्पल

आमच्या गटातली माणसं किल्ली, चष्मा, स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस, काहीही विसरू शकतात. किस्से मात्र विसरत नाहीत. त्यामुळे हर्सूलच्या मेडिकलवरच्या आमच्या खोलीत वस्तू हरवत जातात आणि किस्से साठत जातात.

परदेशात थेरपी शिकून मी परत आले, ती अख्खं शहर सुधारायचं ठरवूनच. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, असलेल्या मोठ्या माणसांचा गट सुरू केला. दर शनिवारी, साडेदहाला. पहिल्या वेळी आठांपैकी फक्त रामदासभाऊ वेळेवर आले. तेही शुक्रवारी!

*

रामदासभाऊ फुलंब्रीचे. पडेगावच्या नव्या सोसायट्यांना टँकरनं पाणी द्यायचे. दुष्काळाचं वर्ष, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आणि हे पाइप हौदात सोडून कुणाशी तरी बोलत बोलत लांब जायचे. हौद भरून पाणी रस्त्यावर! मालक भाऊसाहेबांनी बजावलं होतं, आणखी एकदा सांडलं तर नोकरी गेली.

औषध सुरू होतंच. "गोळीनं लई फरक हाय," ते म्हणाले, "पण गोळीला काय म्हाईत, हौद कवा भरतो?"

*

मी सगळ्यांना रंगीत डायऱ्या वाटल्या. पुढच्या शनिवारी एकाकडेही डायरी नव्हती. गटातल्या कुलकर्णी बाई कॉलेजात शिकवतात, त्यांची फ्रीजमध्ये सापडली.

रामदासभाऊ गंभीरपणे म्हणाले, "ताई, ही डायरी कुठं ठिवली ते लिहायला अजून एक द्या."

*

एकदा मी जोरात भाषण ठोकलं. हा आळस नाही, वेंधळेपणा नाही, मेंदूची ठेवणच वेगळी आहे, वगैरे.

रामदासभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग चाळीस वर्षं कुणाच्या वाटच्या शिव्या खाल्ल्या मी?"

पुढचे दोन शनिवार आम्ही फक्त तेवढ्यावरच बोललो. थेरपी मला खरी तिथं कळली.

*

मोबाइलचा गजर लावून पाहिला. ते बोलता बोलता बंद करायचे. शेवटी कुलकर्णी बाईंनीच विचारलं, कशाशिवाय तुम्ही तिथून हलणारच नाही?

"चप्पल. असल्या उन्हात डांबरावर अनवाणी कोण चालंल?"

ठरलं. टँकरचा कॉक, म्हणजे पाण्याची तोटी, उघडला की एक चप्पल त्याच्या दांड्याला अडकवायची. कॉक बंद केल्याशिवाय पायात घालायची नाही.

पुढच्या शनिवारी ते एकाच चपलेवर जिना चढून आले. चेहऱ्यावर मॅच जिंकल्याचा आनंद. "ताई, कॉक बंद केला!"

*

कुलकर्णी बाईंचा तपासायच्या पेपरांचा गठ्ठा तीन आठवडे तसाच पडला होता. समोर कुणी शांत बसलं तर काम होतं, हे मी शिकवलं होतं. रामदासभाऊ दोरी वळत समोर बसले. दोघंही चकार शब्द बोलले नाहीत. दुपारी गठ्ठा संपला.

बाई म्हणाल्या, "न रागावता माझ्यासमोर बसलेला हा पहिलाच माणूस."

*

उन्हाळा संपत आला तेव्हा एका शनिवारी भाऊसाहेब स्वतः वर आले. रामदासभाऊंचा चेहरा उतरला.

भाऊसाहेब म्हणाले, अख्ख्या उन्हाळ्यात याच्या हातून थेंब सांडला नाही. सोसायट्यांना आता दुसरा ड्रायव्हर चालत नाही. त्याची नोकरी पक्की, हे सांगायलाच आलोय.

मग ते तासभर बोलत बसले. पोरगं कसं अभ्यासाला बसत नाही, मध्येच टँकरचं परमिट, मध्येच आंब्याचं लोणचं, पुन्हा पोरगं.

त्यांना सोडायला आम्ही खाली उतरलो. त्यांची जीप मेडिकलसमोर उभी होती. दार सताड उघडं, इंजिन चालू.

रामदासभाऊंनी आत वाकून जीप बंद केली, किल्ली भाऊसाहेबांच्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाले, "कुणाला सांगणार नाय, भाऊसाहेब. शनिवारी येत जा."