न घेतलेली वावरं

वडील निवृत्त झाले आणि त्यांना जमीन घ्यायची हुक्की आली. जन्मभर ते एसटीत कंडक्टर होते. देवणीकडच्या आमच्या गावी त्यांच्या वाटणीचं ओढ्याकाठचं रान होतं. मी शाळेत असतानाच त्यांनी ते विकलं आणि आम्ही लातूरला राहायला आलो. पोरांच्या शिक्षणासाठी विकलं, असं ते कुणी विचारलं की सांगत. परीक्षेत कमी मार्क पडले की मला ते रान आठवायचं.

आता माझी नोकरी पक्की होती आणि त्यांच्याजवळ फंडाचे पैसे होते. "दोघं मिळून थोडं वावर घेऊ," ते म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. परत घेऊन देण्यासारखं काहीतरी मला सापडलं होतं.

पण तेव्हा जमिनीच्या भावानं सगळ्यांनाच झपाटलं होतं. नव्या रस्त्यांची कामं सुरू होती. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, दाढी करताना, जिथं चार माणसं जमतील तिथं एकच बोलणं. कुणी कुठं घेतली, कुणी विकून मोकळा झाला आणि वर्षातच कसा पस्तावला. रस्त्याला लागून असलेल्या रानाला 'रोडटच' असं नाव पडलं होतं आणि अंगठा उठवणारी म्हातारी माणसंही तो शब्द बिनचूक म्हणायची.

आमचा एजंट पूर्वी बियाण्याच्या दुकानात होता. दर रविवारी सकाळी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचा. आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. वडील पुढच्या सीटवर बसत आणि गाडी गावाबाहेर पडली की काच खाली घेत. मग सगळा रस्ता त्यांचं चालू असायचं. ही तूर दाट झाली, या सोयाबीनला पाणी लागलं, ही करडई बघ कशी उभी आहे. घरात दिवसभर पेपरात डोकं घालून बसणारा हा माणूस इतका बोलतो, हे मला त्या रविवारीच कळलं.

पहिलं वावर रेणापूरकडचं होतं. मालक पन्नाशीचा, बोलायला मोकळा. वडिलांनी आधी विहिरीत डोकावून पाहिलं, मग बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. दोन्ही देवणी जातीचे, पांढऱ्यावर काळे ठिपके. बाभळीखाली बसून चहा झाला.

"कामून इकायलात?" वडिलांनी विचारलं.

"पोरगं म्हनतंय भाव आलाय तर इका. गाडी घ्यायचीय त्याला."

"अन् मग तुमी काय करणार?"

मालक हसला. "बसून खाणार."

"किती दिवस बसाल? मी रिटायर होऊन बसलोय. लई अवघड काम हाय ते."

तिथून गोष्ट विहिरीवर गेली, विहिरीवरून त्याच्या वडिलांवर. आम्ही निघालो तेव्हा मालक वाट दाखवायला रस्त्यापर्यंत आला आणि गाडीत बळंच तुरीच्या शेंगा टाकून गेला. आठवडाभरात एजंटचा फोन आला. "साहेब, तो माणूस फिरला. आता इकायची न्हाई म्हणतो."

मला तो योगायोग वाटला. पण पुढच्या खेपेला ज्यांचं रान पाहिलं ते दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते म्हणून सबंध रान विकायला निघाले होते. वडिलांनी दोघांना एका घोंगडीवर बसवलं आणि संध्याकाळपर्यंत वाटणीचा धुरा, म्हणजे मधला बांध, कुठून घालायचा ते ठरवून दिलं. त्यांनीही विकलं नाही. असं आणखी एकदोनदा झालं. शेवटी एजंटनं मला बाजूला घेतलं. "साहेब, काकांना घरी ठेवत जा. ते घेणाऱ्याकडून येतेत अन् इकणाऱ्याला शहाणं करून जातेत."

मी वडिलांना चिडून म्हटलं, "तुम्हाला घ्यायचीय की नाही?"

"घ्यायची ना," ते म्हणाले. "पण भाव बघ की. या रानात पिकवून हा पैसा कधी निघायचा? रानाचा भाव रानातनंच फिटत नसंल तर तो टिकंल कसा?"

एजंटला हे पटायचं नाही. त्याच्या मते जमीन वाढत नव्हती आणि माणसं वाढत होती, एवढा हिशोब पुरे होता. दोघांचा वाद परतीच्या वाटेवर रंगायचा आणि मी गाडी चालवत ऐकायचो. आता ते आठवलं की वाटतं, तो रस्ता आणखी लांब असता तर बरं झालं असतं.

अक्कांचं रान आम्ही त्या हिवाळ्यात पाहिलं. अक्का लिंगायत घरातल्या, वडिलांच्याच वयाच्या, कपाळाला विभूती. नवरा वारलेला, दोन्ही मुलगे पुण्याला, लेक लातुरात. काळी, भुसभुशीत जमीन, बांधावर जुनी चिंच. मला ती बघताक्षणी आवडली. वडिलांनी सवयीनं सुरुवात केली.

"अक्का, असं रान कुणी इकतं का?"

"मी इकते," अक्का म्हणाल्या.

"मालकांची आठवण हाय ही."

"त्यांची आठवण रानात न्हाई राहत भाऊ. माज्याजवळ हाय ती." त्यांनी चहाचा कप पुढे केला. "गुडघे गेले माजे. गडी मिळंना. पोरं येतेत, फोटो काढतेत अन् जातेत. मला लातुरात लेकीजवळ घर घ्यायचंय, ज्यात न्हाणीला जायला अंगण ओलांडावं लागणार न्हाई."

"पण भाव अजून वाढंल म्हणतेत. थांबला तर..."

"अन् पडला तर? आज लोकं घरी येऊन इचारायलेत. उद्या येतील का न्हाई, कुणी सांगावं? येडे झालेत तोवर देऊन टाकते."

वडिलांनी कप हातात घेतला. एजंट प्रथमच खूश दिसत होता. मग अक्कांनीच विचारलं, "तुमची व्हती का जमीन?"

"व्हती. देवणीकडं."

"कामून इकली?"

मी पुढचं वाक्य, पोरांच्या शिक्षणासाठी, मनातल्या मनात म्हणून टाकलं. पण वडिलांनी ते म्हटलं नाही. त्यांनी चिंचेकडं पाहिलं, मग कप खाली ठेवला.

"कंटाळा आला व्हता, अक्का. खरं सांगू का, लई कंटाळा आला व्हता. रोज उठून तेच. इकलं तवा सुटलो म्हणलं. नंतर आठवायला लागलं."

"हाव," अक्का म्हणाल्या. "सुटल्यावरच आठवतं."

परतताना वडिलांनी काचही खाली घेतली नाही. मला राग यायला हवा होता, इतकी वर्षं ते रान मी पाठीवर वाहिलं होतं. पण उलट हलकं वाटत होतं. घराजवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुझ्या शिक्षणाला उपयोग झालाच की त्याचा."

"झाला ना," मी म्हटलं.

अक्कांच्या रानाचा भाव आम्हाला झेपण्यासारखा नव्हता. मी राहतं घर विकायचा विषय काढला, तर वडिलांनी तो तिथंच मोडला. लातूरच्या एका व्यापाऱ्यानं अक्कांचं रान घेतलं, सिमेंटचे खांब रोवले आणि प्लॉट पाडायच्या तयारीला लागला. अक्कांनी लेकीच्या गल्लीत घर घेतलं. एकदा आम्ही भेटायला गेलो तर त्यांनी आधी घरातलीच न्हाणी दाखवली.

पुढं सौदे मंदावले. भाव पडला असं कुणी उघड म्हणेना, पण घ्यायला येणारं कुणी दिसेना. आमचा एजंट पुन्हा बियाण्याच्या दुकानात बसू लागला. व्यापाऱ्याचे खांब गवतात तसेच उभे राहिले. शेवटी त्यानं अक्कांनाच विचारलं, बटईनं, निम्म्या पिकावर, करणारा कुणी आहे का. अक्कांनी धुऱ्याच्या शेजाऱ्याला सांगितलं आणि त्यानं खांबांच्या मधून ज्वारी पेरली.

त्या वर्षी अक्कांचा फोन आला. हुरड्याला या.

आम्ही सगळे गेलो. शेजाऱ्यानं आगटी पेटवली होती, अक्का खुर्चीवर बसून कणसं भाजायच्या सूचना देत होत्या. वडिलांनी गरम कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि पहिली मूठ आईच्या हातावर ठेवली. मग ते कणसं आणतो म्हणून ज्वारीत शिरले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

मी बघायला उठलो. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. आतून त्यांचा आणि शेजाऱ्याचा आवाज येत होता. पाण्याची पाळी, रानडुकरं, कडब्याचा भाव.

"बसा हो," अक्का मला म्हणाल्या. "हाका मारू नका त्यांना."

मी परत आगटीजवळ बसलो आणि अक्कांनी माझ्या हातावर हुरडा घातला.