म ची बारीक गाठ

माझे मालक आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या अक्षराचा उभा दांडा जाड असायचा आणि म ची गाठ जिथे दांड्याला लागते, तिथे रेघ केसासारखी. ती ओढताना ते श्वास धरायचे. मीही भांडी वाजवायची थांबायची.

नंतर लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. आमची मुलगी तेव्हा नागपूरला कॉम्प्युटरवर अक्षरं बनवायचं शिकत होती. बाबांची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये उतरवायची असं तिनं ठरवलं. बाजारातल्या पाट्यांचे फोटो काढले, मापं घेतली आणि कागद छापून आणला.

"हे कोणाचं व माय? गाठीले सूज आली का?" कागदावरचा म पाहून त्यांनी लेकीला विचारलं.

"बाबा, तुमच्याच पाटीवरून घेतलं."

तेव्हा ध्यानात आलं. दिवाळीला दुकानदार जुन्या अक्षरांवरून स्वतःच रंग फिरवतात. जाड दांड्याला फारसा फरक पडत नाही, बारीक रेघ मात्र दरसाली फुगत जाते. मूळची राहिलेली एकही पाटी बाजारात उरली नव्हती.

मग ती विचारत राहिली, किती बारीक? ते डाव्या हाताने काढून दाखवू पाहायचे, पण रेघ थरथरायची. "अजून कमी कर," एवढंच म्हणायचे. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, याच्या खाली गेलं तर लहान अक्षरात छापताना रेघ तुटून राहिली. लग्नपत्रिकेत अर्धाच म दिसेल."

"मंग राहू दे. झाला तुझा म." भिंतीकडे तोंड करून ते निजले. झाला नव्हता, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

धान कापणीच्या आधीच ते गेले.

आता मुलगी सांगते, पाटीसारख्या मोठ्या अक्षरांसाठी वेगळा संच करता येतो, त्यात रेघ हवी तेवढी बारीक चालते. हे तेव्हाच शिकले असते तर, म्हणून ती रडली.

परवा तिनं नवे कागद माझ्यापुढे मांडले. "आई, तू तर रोज पाहायचीस. यातला बाबांचा म कोणता?"

हा जाड, हाही जाड, एवढं सांगता आलं. शेवटी दोन उरले. इतकी वर्षं जवळ बसले, पण मी त्यांच्या हाताकडे पाहत असायची. रेघ कधी नीट पाहिलीच नाही. तिला हे कसं सांगू?

"थांब, उजेडात पाहते," म्हटलं आणि दोन्ही कागद घेऊन अंगणात आले.