टेबलाच्या पायाखालचा हंगाम

थॉर्नबेक टाउन फुटबॉल क्लबचा सव्वाशे वर्षांचा इतिहास एकशे बारा पानांत मावला, आणि त्यातली निम्मी पानं आम्ही कसे हरलो याचीच आहेत. मी टिंगल करत नाही. ती सगळी पानं माझ्या हातून टाईप झाली आहेत. लिहिली अर्नॉल्ड बूथरॉइड यांनी, पाठकोऱ्या कागदांवर, पेन्सिलीने, आणि इतक्या बारीक अक्षरात की दोन महिन्यांत माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.

अर्नॉल्ड आमच्या क्लबचे सचिव. वय एकोणऐंशी. पगार नाही, खुर्ची आहे पण तिला एक हात नाही. खेळाडूंना पेट्रोलपुरते तरी पैसे मिळतात. अर्नॉल्डना मिळतो तो माझ्या हातचा चहा. तोही त्यांना आवडतो असं ते सांगतात, पण एवढी वर्षं या गावात काढल्यावर मला कळतं की यॉर्कशरचा माणूस ‘वाईट नाही’ म्हणाला की विषय संपवायचा असतो.

मैदानाच्या कोपऱ्यात चहाची टपरी आहे, ती माझी. आमच्या ह्यांची इथल्या लोकरीच्या गिरणीत रंगशाळेत नोकरी लागली आणि मी एम.ए. झालेली बाई इथे येऊन दुपारभर खिडकीतून मेंढ्या मोजत बसले. तेव्हा अर्नॉल्ड एकदा दारात येऊन उभे राहिले. शनिवारी चहा करणारी बाई मुलीकडे राहायला गेली म्हणाले, तुमच्या देशात चहा होतो ना? त्या प्रश्नावर मला राग यायला हवा होता. पण ऐंशी माणसांना एका दमात चहा पाजायचा म्हटल्यावर मला माहेरची लग्नकार्यं आठवली आणि मी हो म्हणून बसले.

आमचं मैदान उतरतं आहे. वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात चेंडू ठेवला तर तो स्वतःच सामना खेळायला निघतो. नाणेफेक जिंकली की आम्ही आधी चढाकडे खेळतो, म्हणजे दमल्यावर उतार मिळतो. पाहुण्यांना हे माहीत असतं, तेही तेच मागतात. टपरीही त्याच उतारावर. त्यामुळे चहाच्या बंबाचं टेबल हलतं आणि त्याच्या एका पायाखाली काहीतरी घडी करून घालावं लागतं. सगळी गोष्ट त्या घडीचीच आहे.

क्लबचा इतिहास तसा गमतीचा. १८९९ साली रंगशाळेतल्या कामगारांनी संघ काढला. कुणीतरी परत पाठवलेल्या मोहरीच्या रंगाच्या कापडाचे सदरे शिवले, आणि तेव्हापासून आम्ही ‘मोहऱ्या’. १९११ साली संघ दोन गाड्या बदलून सामन्याला गेला तो त्याच नावाच्या दुसऱ्या गावी. तिथे मैदान होतं, पण त्यावर गाई होत्या. १९५७ साली राष्ट्रीय कप स्पर्धेच्या पात्रता फेरीत आम्ही चौथ्या टप्प्यापर्यंत पोचलो. त्या दिवशी इतके लोक भिंतीवर बसले की भिंत बाहेर कलली. ती अजून तशीच आहे, आणि आम्ही ती पाहुण्यांना दाखवतो. हे सगळं अर्नॉल्डनी झकास लिहिलं होतं. माझी बोटं हसत हसत चालत होती.

मग १९९२-९३चा कागद आला.

त्यावर दोनच वाक्यं होती. ‘या हंगामात संघ पहिला आला. सचिव अ. बूथरॉइड यांनी विसराळूपणाने एका खेळाडूची नोंदणी पाठवली नाही, त्यामुळे नऊ गुण कापले जाऊन संघ चौथा ठरला.’

दोन वाक्यं, आणि दुसरं खोटं. ते खोटं आहे हे जगात दोघांना ठाऊक होतं, एक ते आणि एक मी.

झालं होतं ते असं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, सामना संपल्यावर, अर्नॉल्डनी नव्या गोलरक्षकाची सही माझ्या टपरीत घेतली. त्या काळी खेळाडूची नोंदणी टपालाने लीगच्या कचेरीत पोचल्याशिवाय त्याला खेळवता येत नसे. अर्नॉल्डनी कागद पाकिटात घातला, बाकीच्या टपालाबरोबर टेबलावर ठेवला आणि तिकिटं शोधत होते, तेवढ्यात पंचांच्या गाडीचं चाक चिखलात रुतलं म्हणून त्यांना हाक आली. इकडे बंब उकळत होता आणि टेबल डुलत होतं. समोर एक पाकीट पालथं पडलेलं, कोरंच वाटणारं. मी त्याची चार पदरी घडी केली आणि पायाखाली सारली. उलटून पाहिलं असतं तर लीगचा पत्ता दिसला असता. पण शिकलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला न बघताच कळतं. टेबल मात्र इतकं पक्कं बसलं की मी स्वतःवर खूश झाले. अर्नॉल्ड परत आले, उरलेल्या पाकिटांना तिकिटं लावली आणि गठ्ठा टपालपेटीत टाकून घरी गेले.

तो गोलरक्षक तीन सामने खेळला. तिन्ही जिंकलो. एप्रिलमध्ये लीगचं पत्र आलं, तीन विजयांचे नऊ गुण गेले, आणि आमच्याऐवजी वरच्या गटात गेलं ते स्केलबी. स्केलबी म्हणजे टेकडीपलीकडचं गाव. त्यांच्याबद्दल आमच्याकडे अजून कुणी चांगलं बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. अर्नॉल्डनी समितीपुढे उभं राहून सांगितलं, मी पाठवायला विसरलो. राजीनामाही दिला. पण ते काम दुसरं कुणी घेईना, तेव्हा समितीने त्यांना एकमताने दोषी ठरवलं आणि एकमताने पुन्हा नेमलं.

मे महिन्यात टपरी धुवायला काढली तेव्हा मला ते पाकीट सापडलं. चहाने तपकिरी झालेलं, पण पत्ता स्पष्ट. मी ते घेऊन धावत मैदानात गेले. अर्नॉल्ड गुडघ्यांवर बसून गोलपुढच्या उघड्या मातीत गवताचं बी पेरत होते. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिलं.

“तुला इथे येऊन किती झालं, पोरी?” त्यांनी विचारलं.

“दीड वर्ष.”

“मला अठ्ठेचाळीस. मला शिव्या देतील आणि शनिवारी कुलूप उघडायला मलाच बोलावतील. तुझं तसं नाही अजून.” मग त्यांनी पाकिटाची होती तशी घडी घालून माझ्या हातात दिली. “जा, ठेव परत. नाहीतर टेबल हलेल.”

आणि मी ठेवलं. तेव्हा रडले, दोन दिवस जेवले नाही, हे सगळं खरं; पण ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवले.

पुढची एकतीस वर्षं अर्नॉल्ड दर शनिवारी संघाची यादी घेऊन मैदानाच्या कडेने चालत जात, आणि स्टँडच्या दुसऱ्या रांगेतून नॉरिस ओरडे, “अर्नॉल्ड, टाकलंस का पेटीत?” नॉरिस निवृत्त पोस्टमन, म्हणून त्याला हा अधिकार जास्तच वाटे. पन्नास-साठ माणसं हसत. अर्नॉल्ड टोपी उचलून सलाम करत. मी टपरीत खाली मान घालून कप विसळत असे. विसळलेलेच पुन्हा विसळत असे.

पण टोमणा हवेत विरतो, छापलेलं राहतं. म्हाताऱ्याने आयुष्यभर एकच पुस्तक लिहिलं, आणि त्यात स्वतःच्या नावापुढे माझी चूक. मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. हे वाक्य मी टाईप करणार नाही म्हणाले.

“पुस्तक माझं आहे,” अर्नॉल्ड म्हणाले.

“टायपिंग माझं आहे.”

त्यांनी मला बरंच समजावलं. इतकी वर्षं सांगून सांगून आता त्यांना विसरल्याचं खरंच आठवतं, म्हणाले. लोकांची सवय कशाला मोडायची. शिवाय ते गेल्यावर टपरी चालायला हवी. मी मान डोलावली, घरी आले आणि मला हवं ते टाईप केलं: ‘ही नोंदणी सचिवांनी तयार ठेवली होती. चहाच्या टपरीतल्या बाईंनी ते पाकीट टेबलाच्या पायाखाली घातले.’ खाली माझं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, कारण धीर कमी पडतो तेव्हा मी अक्षरं वाढवते. अर्नॉल्डना मात्र सांगितलं नाही. छापण्याइतकी शूर झाले होते, सांगण्याइतकी नव्हते.

ऑक्टोबरात, स्केलबीविरुद्धच्या सामन्याआधी, क्लबच्या खोलीत पुस्तक वाटलं. हातात आलं आणि काकवी घातलेल्या केकचं ताट घेऊन मी उभी. सगळ्यांनी पुस्तक उघडलं ते थेट १९९२-९३वर. १८९९ची कुणाला पडली नव्हती. वाचून एकेक मान वर आली. नॉरिसने ते पान ओठ हलवत दोनदा वाचलं.

“म्हणजे एकतीस वर्षं मी चुकीच्या माणसावर घसा फोडला,” तो म्हणाला.

 मी ताट पुढे केलं आणि सगळ्यांनी केक पटापट उचलले. अर्नॉल्डनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यादी घेतली, टोपी घातली, बाहेर पडले.

मी टपरीतून पाहत होते. ते कडेने चालत दुसऱ्या रांगेपाशी आले. नॉरिस गप्प होता. अर्नॉल्डची पावलं मंदावली. हात टोपीपर्यंत गेला, तिथेच जरा थांबला आणि रिकामाच खाली आला.

मध्यंतरात ते टपरीशी आले. चहा घेतला, पण प्यायले नाहीत.

“आज कुणी काही म्हणालं नाही,” ते म्हणाले.

“बरंच झालं की.”

“हं.” त्यांनी कपात पाहिलं. “आता मी नुसताच सचिव.”

मला वाटलं होतं मी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवते आहे. मी म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपीच काढून घेतली होती. न बघताच कळतं, ही माझी खोड एकतीस वर्षांत तसूभर सुधारलेली नव्हती.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तोच रांगेत नॉरिसची पाळी आली. त्याने आधी वाकून टेबलाखाली पाहिलं, मग सरळ होऊन, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “काय बाई, टाकलंत का पेटीत?”

रांग हसली. मी कानापर्यंत लाल झाले. एवढी वर्षं इथे मला सगळे अदबीने ‘थँक यू’ म्हणत आले होते. जाहीर टोमणा हा पहिलाच. ‘तुझं तसं नाही अजून’ म्हणताना अर्नॉल्डच्या मनात त्या ‘अजून’पुढे काय होतं ते मला त्या हशात कळलं: मीही आता टोमणा मारण्याइतकी इथली झाले होते. माझ्याकडे उचलायला टोपी नव्हती. मी बंबाचं झाकण उचललं.

अर्नॉल्ड अजून तिथेच उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

“पाकीट टेबलावर सोडून मीच गेलो होतो, नॉरिस,” ते म्हणाले. “त्याचं काय?”

नॉरिसने साखर ढवळत बराच विचार केला. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. कुठलं पत्र कुणाच्या दारात टाकायचं याचा निकाल तो घाईने लावत नाही.

“बरोबर आहे,” तो शेवटी म्हणाला. “निम्मं तुझं.”

तेव्हापासून नॉरिस दर शनिवारी दोनदा ओरडतो, आधी टपरीकडे, मग मैदानाच्या कडेकडे. इकडे झाकण उचललं जातं, तिकडे टोपी. अर्नॉल्ड पुन्हा पूर्वीसारखे सावकाश, मान ताठ ठेवून चालतात. चहा कसा झालाय विचारलं की वाईट नाही म्हणतात.

त्या दिवशी स्केलबीने आम्हाला तीन गोलांनी हरवलं, तेही दुसऱ्या अर्ध्यात, उतार आमच्या बाजूला असताना.