भुऱ्याचा शब्द

आमचे घरमालक नाकेदारकाका कुणावर विश्वास ठेवतात, असं तुम्ही पांढुर्ण्यात कुणाला सांगितलंत, तर तो आधी तुमच्यावरच विश्वास ठेवणार नाही. काकांची सगळी नोकरी जंगल खात्याच्या नाक्यावर गेली. संत्र्यांच्या पेट्यांखाली सागवान लपवलेलं त्यांनी इतक्यांदा पकडलं, की पुढं त्यांना प्रत्येक गोष्टीच्या खाली काहीतरी दिसू लागलं. दूधवाला जरा हसला की ते दूध पुन्हा निरखायचे. बाजूच्या काकूंनी संक्रांतीला तिळगूळ दिला, तर त्यातला एक लाडू आधी त्यांनाच खायला लावला. मी मोहगावकडच्या खेड्यातला, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. खोली पाहायला बाबा सोबत आले होते. काका त्यांना म्हणाले, "पोरगं शिकून राहिलं म्हणता, पण काहून?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर अजून नीट सुचलेलं नाही.

हाच माणूस कुत्र्यापुढं मात्र वेगळाच व्हायचा. भुऱ्या हे साधं गावठी कुत्रं. तिगावच्या स्टेशनाजवळून त्यांनी ते पिल्लू उचलून आणलं आणि त्याला धीर शिकवायला घेतला. सुरुवातीला मुठीत भाकरीचा तुकडा. भुऱ्या चाटायचा, नखं मारायचा, मूठ उघडायची नाही. कंटाळून मागं सरला की लगेच उघडायची. मग तुकडा जमिनीवर, मग त्याच्या पंजावर, आणि शेवटी समोर मटणाचं हाडूक ठेवून काका दाराआड. भुऱ्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबायची, पण तो हलायचा नाही. मी एकदा विचारलं, की मारत का नाही? ते म्हणाले, "मारलं तं तो मले भिते. भेणं निराळं अन् थांबणं निराळं." मी पुस्तक सोडून मोबाईल पाहताना दिसलो, की ते भुऱ्याला आणून माझ्यासमोर बसवायचे आणि निघून जायचे. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

"थांब" हा शब्द साऱ्या गल्लीला ठाऊक होता. खायची मोकळीक देणारा शब्द मात्र गुप्त. कुणी विष घातलेली पोळी टाकली तर, अशी त्यांना भीती. म्हणून ते आधी नळ सुरू करायचे, पाण्याचा आवाज झाला की वाकून भुऱ्याच्या कानात तो शब्द सांगायचे, आणि मगच भुऱ्या खायचा. तोंडी परीक्षेसाठी मी खोलीत मोठ्यानं उत्तरं पाठ करत होतो, तेव्हा भिंतीवर थाप पडली. "कोणता शब्द चालते ते पाहून राहिला का रे?" त्यानंतर मी राज्यशास्त्र मनातल्या मनात वाचलं.

मग एका सकाळी काकांच्या छातीत कळ आली. पुतण्यानं त्यांना तसंच गाडीत घालून नागपूरला नेलं. कुत्र्याकडे पाहा, एवढंच मला सांगितलं. शब्द सांगायच्या अवस्थेत काका नव्हते.

भुऱ्या पाणी प्यायचा, पण भाकरीपुढं बसून राहायचा. मी घे म्हटलं, खा म्हटलं, जेव म्हटलं. हिंदीत सांगून पाहिलं, इंग्रजीतही. नळ सोडून पाहिला, तर बिचारा कान टवकारून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. काकूंनी दूध आणलं, त्यावर माश्या बसल्या. हळूहळू त्याला उठताना मागचे पाय आवरेनात. एवढं शहाणपण त्याला शिकवायला नको होतं, असं मला वाटू लागलं.

अखेर पुतण्याचा फोन आला. काका शुद्धीवर होते. आवाज अगदी बारीक, पण पहिला प्रश्न जवळ कोण आहे, हाच. काकू आहेत म्हटल्यावर त्यांना जायला सांग म्हणाले. "मी का त्याची भाकर चोरून नेऊन राहिली?" असं म्हणत काकू गेल्या. मग फोन भुऱ्याच्या कानाला लावायला सांगितला आणि ते त्यात काहीतरी पुटपुटले. भुऱ्यानं फोन हुंगला, त्याच्या मागं मालक आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा खाली बसला.

"खाल्लं का?"

"नाही काका. बरगड्या दिसून राहिल्या त्याच्या."

पलीकडं त्यांनी पुतण्यालाही बाहेर पाठवल्याचं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "कानात सांगजो. हळू." आणि त्यांनी शब्द सांगितला.

मी सगळे हुकूम करून पाहिले होते. तो हुकूम नव्हताच. नळ सोडून मी तो भुऱ्याच्या कानात सांगितला, आणि तो भाकरीवर तुटून पडला.

काका परत आले ते काठी टेकत. फाटकातच त्यांनी विचारलं, "कोणाले सांगितलं?" कोणालाच नाही, म्हटलं. मी पुढच्या प्रश्नासाठी तयार राहिलो. नाक्यावरचा माणूस एका उत्तरावर गाडी सोडत नाही. पण ते भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवून ओट्यावर बसले.

आता मी सौंसरला राहतो. तो शब्द इथंही लिहीत नाही. एवढंच सांगतो, की आपल्याकडे पाहुण्यापुढं ताट ठेवताना कुणीही सहज म्हणतं, तसंच ते काहीतरी आहे. काकांच्या तोंडून माणसासाठी ते मी कधी ऐकलं नाही. इतका मायेचा शब्द जवळ असून तो त्यांना नळ सोडून, कुत्र्याच्या कानातच म्हणावा लागायचा, हे आठवलं की माझा घास हातातच राहतो.