वेशीतले सहा भालेकरी

मुलांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. लिहिताना मात्र तुम्हाला ‘दादा’ आणि ‘धाकटी’ असंच म्हणेन, म्हणजे आपापली बाजू वाचताना ती थोडी लांबून दिसेल.

दर रविवारी दुपारी एक वाजता मी लातूरच्या घरात जेवणाचं टेबल पुसते आणि लॅपटॉप उघडते. तेव्हा मेलबर्नला दादाची संध्याकाळ असते आणि लंडनला धाकटीची सकाळ. आपण तिघं एकाच खेळात शिरतो. प्रत्येकाला एक छोटं गाव, थोडं धान्य आणि पाच-सहा माणसं मिळतात. गाव वाढवायचं, सैन्य उभं करायचं, दुसऱ्याचं गाव जिंकायचं. हेडफोनमधून तुमचे आवाज येत असतात. खरं तर मी त्या आवाजांसाठीच खेळायला बसले.

दादाची रीत ठरलेली. शेत पेरण्याआधी घोडदळ. धाकटीचं उलटं. आधी कोठारं, मग विहिरी, मग तट, शिवाय रस्त्याकडेला झाडं. ती झाडं मोठी व्हायच्या आत दादाचे घोडेस्वार येऊन गाव पेटवायचे. ओळीनं चार रविवार असंच झालं.

“आजी, पुढच्या रविवारी मी नाही येणार,” धाकटी म्हणाली.

“हरली की रडली!”

“मी रडत नाहीये. तुला गाव बांधताच येत नाही, म्हणून दुसऱ्यांची जाळतोस.”

आणि तिच्या चित्राशेजारचा हिरवा ठिपका विझला.

दादाचे बाबा आणि धाकटीची आई माझीच दोन मुलं, पण त्यांना एकमेकांना फोन करायला महिना-महिना सवड होत नाही. हा एक तास गेला, तर तुम्ही दोघं लग्नाकार्यात ओळख करून द्यावी लागणारी भावंडं होणार, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसलं.

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी. अडचण आली की नियम करायचा, ही माझी सवय. लहानपणी आमच्या गल्लीत सगळ्यांत धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळायला घेत. ते बाद होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे. मी तोच नियम लावला. पहिला अर्धा तास धाकटीवर कुणी चाल करायची नाही. तिला फोन करून कशीबशी परत आणली.

अर्ध्या तासात तिचे तट एवढे उंच झाले की दादाचे घोडे त्यांच्याभोवती नुसते फिरत राहिले. धाकटी जिंकली. मी टाळ्या वाजवल्या.

“आजी, मी लहान नाहीये,” धाकटी म्हणाली. “हे जिंकणं तू मला दिलंस.”

“आणि मी अर्धा तास काय करायचं?” दादा म्हणाला. “कोथिंबीर पेरायची?”

आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मुखेडकडच्या. हात पुसत त्या माझ्या मागं उभ्या होत्या. “बाई, पोरीनं तट लई झकास बांधलाय,” त्या म्हणाल्या. “पन येशीत मानूस न्हाई की एकबी. आमच्या गावात असली येस कुनी उघडी टाकत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी खेळाची माहितीची पानं उघडली. वहीत पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. भालेकरी स्वस्त असतो, लवकर तयार होतो, चालतो मात्र हळू. घोडा त्याच्यापुढे टिकत नाही. भालेकऱ्याला तिरंदाज लांबूनच पाडतो. आणि तिरंदाजाला कोण तुडवतो? पुन्हा घोडाच. तक्ता गोल फिरून पहिल्या ओळीवर आला आणि मी पेन खाली ठेवलं. सगळ्यांच्या वर असा कुणी नव्हताच.

खाली खेळ बनवणाऱ्यांची एक छोटी सूचना होती. घाईनं चाल करणारे फार जिंकू लागले होते, म्हणून भालेकरी तयार व्हायचा वेळ त्यांनी दोन सेकंदांनी कमी केला होता. दोन सेकंद! मी अर्धा तास दिला आणि दोघांचाही अपमान केला. कुठंतरी बसलेल्या, मला कधीच न दिसणाऱ्या माणसांनी उतावळ्याची घाई तशीच ठेवली होती, सावकाश चालणाऱ्याची सावकाशीही तशीच ठेवली होती, आणि तरीही दोघांना जिंकायची वाट मोकळी ठेवली होती. मला माझा वर्ग आठवला. घंटा झाली की सगळ्यांच्या उत्तरपत्रिका मी एकदम ओढून घ्यायचे, विचार करत बसलेल्या मुलीचीसुद्धा. घंटा सगळ्यांना सारखी, एवढ्यालाच मी न्याय म्हणत आले होते.

तक्त्याचा फोटो मी दोघांना एकाच वेळी पाठवला. खाली लिहिलं, ‘माझा नियम रद्द.’

रविवारी एक वाजता दादाचा ठिपका लागला. एक वाजून पाच मिनिटं झाली. दादानं खेळ सुरू केला नव्हता. सहाव्या मिनिटाला धाकटीचा ठिपका लागला.

तिनं या वेळी एक विहीर कमी बांधली होती आणि वेशीत सहा भालेकरी उभे केले होते. घोडे आले. दोन पडले, बाकीचे मागं फिरले.

“अरे वा!” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात निखळ आनंद होता.

मग ते घोडे माझ्याकडे वळले. माझी कोठारं कशी, उंचीप्रमाणे ओळीत.

“आजी, तुझे भालेकरी कुठंयत?”

तक्त्यात त्यांच्याखाली मी लाल रेघ मारली होती. गावात एकही ठेवला नव्हता.

“बाई, पळा!” मावशी ओरडल्या.

“थांब आजी, मी माझे पाठवते!” धाकटी म्हणाली, आणि ते सहाजण आपल्या संथ चालीनं नकाशा ओलांडू लागले. इकडे माझी कोठारं पेटत होती.

“अगं, लवकर पाठव ना,” ती पेटवणारा दादाच तिला ओरडत होता, “आजी संपेल!”

चार कोठारं गेली, पाचवं वाचलं. मी हसून हसून डोळे पुसत असताना धाकटी म्हणाली, “दादा, पुढच्या रविवारी बघच तू. आजीच्या वेशीतपण माझी माणसं असतील.”