नामिबियाच्या वाळूत करडीची भावना

भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावची भावना मेश्राम मोहाडीच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवायची. नागपूरच्या चमूसोबत मोटारसायकलने आफ्रिका पार करायला ती निघाली, तेव्हा आई बायजाबाईने एवढंच विचारलं, "येवढ्या दूर कायले जाऊन राहिली वो?"

"जमते का ते पाहाले," भावना म्हणाली.

केनिया, टांझानिया, झांबिया बरे गेले. नामिबियात मात्र डांबर संपलं आणि चाक रुतेल अशी वाळू लागली. भावना पुन्हापुन्हा पडली, गुडघा सोलून निघाला. चमूचा प्रमुख अनुप धावत आला.

"ताई, गाडी सामानाच्या ट्रकात टाकू. तुम्ही बी बसा. कोणी काही म्हणणार नाही."

"ते मले माहीत आहे. पन मी चालवतच येईन. तुम्ही व्हा सामोर."

वाळूत रुतू नयेत म्हणून तिने चाकांतली थोडी हवा सोडली आणि गाडी उभी केली. वाटेत ती आणखीही पडली, पण दर वेळी उठली.

मुक्कामावर सगळे जेवायला बसले होते. तिची गाडी दिसताच अनुप ताट सोडून उठला. तिला हेल्मेटचा पट्टा सुटेना, म्हणून तो त्यानेच सोडला.

"उद्या बी असाच रस्ता आहे," तो म्हणाला.

"मंग लवकर निघू," भावना म्हणाली आणि जेवायला बसली.