गोऱ्याला सांगितलेलं नाव
सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास आला की मला तो डेन्मार्कचा गोरा आठवतो आणि अजून पोटात जळतं. तिकडे त्याच्या देशात टीव्हीच्या मालिका करून नावारूपाला आलेला तो दिग्दर्शक सिनेमा काढायला आमच्या किनाऱ्यावर आला होता. माझी बायको वाळूत बांगडे पसरत होती, तिच्यासमोर कॅमेरा लावून त्याच्या दुभाष्याने विचारलं, "घोवाचा नाव काय गो?" आमच्यात बायको घोवाचं नाव घेत नाही. मी लांब रापणीचं जाळं ओढत होतो. शेजारीण ओरडतच आली, "बायलेन तुझा नाव घेतल्यान रे, त्या गोऱ्याक सांगितल्यान!" घरी गेल्यावर मी म्हटलं, "माका पण सांग मगे." ती हसली, "तुमचा नाव तुमका म्हायत नाय? त्येका खंय काय कळता, म्हणान सांगितलंय." मी मूर्ख, चार दिवस तिच्याशी बोललो नाही. पुढे चाळीस पावसाळे सोबत काढले, पण तिने माझ्यासमोर माझं नाव कधी घेतलं नाही. यंदा ती गेली. तो गोरा आता मोठा दिग्दर्शक झालाय म्हणतात, सिनेमावर सिनेमे काढतो. काढू दे. पण त्याच्या सिनेमात माझी बायको माझं नाव घेते, आणि मी ते एकदाही ऐकलेलं नाही.